चहावर साय धरेपर्यंत

माझ्या ताईला तुम्ही नुसतं "दूध संपलंय" एवढं कळवलंत तरी तिचं उत्तर येतं, "पोचलं." आणते नाही, बघते नाही, आधी पोचलं. आणि तिने तुम्हाला काही कळवलं नि तुम्ही "पोचलं" म्हणाला नाहीत, तर ती पुन्हा कळवते. मग आणखी एकदा. एकदा मी वैतागून फोन उशीखाली दडपून ठेवला, तर दुपारी स्वारी माझ्या दुकानात हजर. मी पडदे शिवते. गिऱ्हाईक समोर उभं, कापड अर्धं कापलेलं, आणि ही दारातूनच विचारते, "धाकटे, उद्या नळाला पाणी नाही, हे तुला पोचलं का?" मी म्हटलं, "पोचलं गं बाई, पोचलं! आता काय पाटी लावू दुकानावर?" ती शांतपणे म्हणाली, "नको. भांडी भरून ठेव," आणि आली तशी गेली.

हा तिचा स्वभाव की तिच्या नोकरीने लावलेली खोड, ते मला आजवर कळलेलं नाही. ती धरणाच्या कचेरीत कॉम्प्युटरचं काम करते. वर धरण, खाली नदी, आणि नदीच्या दोन्ही काठांना गावं. प्रत्येक गावात एक चौकी, चौकीत एक लोखंडी पेटी, पेटीत छोटा कॉम्प्युटर आणि छपरावर भोंगा. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी सगळे भोंगे वाजले पाहिजेत, म्हणजे काठावरची माणसं, जनावरं, कपडे धुणाऱ्या बायका वर सरकतात. मला वाटायचं, यात काय एवढं? बटण दाबलं, भोंगा वाजला. तसं मी बोलूनही दाखवलं, आणि पस्तावले, कारण ताईने पोळपाटावरची कणीक बाजूला सारून मला शिकवायला घेतलं.

"समज, वरच्या पेटीने निरोप द्यायला घेतला. दोघींना दिला, आणि तिसरीला द्यायच्या आत त्या वरच्या पेटीवरच झाड पडलं. आता?"

"आता त्या दोघी वाजतील."

"आणि बाकीच्या?"

"त्यांना कोण सांगणार? बसतील गप्प."

"हेच. म्हणून ऐकायचं ते असं. निरोप कानावर पडला की आधी तो बाकी सगळ्यांना द्यायचा, मग आपला भोंगा वाजवायचा. दुसऱ्याने दिला असेल असं धरून चालायचं नाही. पाठवणारा मध्येच गेला तरी ज्यांच्या हाती निरोप आला, त्यांनी त्याचं काम पुरं करायचं. तोच निरोप पुन्हा आला तर सोडून द्यायचा. वाजले तर सगळे भोंगे वाजतील, नाहीतर एकही नाही. अर्धी नदी जागी आणि अर्धी गाफील, हे चालायचं नाही."

हे सगळं तिने लिहिलेलं होतं. म्हणजे पेट्यांच्या पोटात जी आज्ञावली होती, ती तिची. घरात आम्ही तिची टर उडवायचो, पण मामाच्या निवृत्तीच्या जेवणाचा जो बट्ट्याबोळ झाला त्यानंतर तिने तोच नियम आमच्यावरही लादला. झालं असं, की हॉटेल ऐनवेळी बदललं. मामाने ते एकाच भाच्याला सांगितलं आणि म्हणाला, बाकीच्यांना तू कळव. भाचा ताप येऊन झोपला. अर्धं खानदान या हॉटेलात, अर्धं त्या हॉटेलात, आणि मामा एकटा रस्त्यावर दोन्हीकडे फोन करत. त्या दिवशी ताईने फर्मान काढलं की या घरात ज्याच्या कानावर बातमी पडेल त्याने ती आधी सगळ्यांना सांगायची, मग घास तोंडात घालायचा. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बातमी सात तोंडांनी येते. कुणाला पडसं झालं तरी दिवसभर फोन वाजत राहतो. डोकं उठतं, पण खरं सांगायचं तर त्यानंतर आमच्यातलं कुणी कधी एकटं चुकीच्या हॉटेलात बसलं नाही.

आणि एवढ्या काटेकोर बाईने लग्न कुणाशी करावं? बसस्थानकावरच्या उद्घोषकाशी! भावोजींचा आवाज म्हणजे काय सांगू, कापसाच्या गादीत घंटा वाजावी तसा. लांबच्या गाड्यांची नावं ते अशी घ्यायचे की उगाच आपणही निघावं कुठेतरी असं वाटायचं. त्यांची ओळखच भांडणातून झाली. ताईची बस फलाट बदलून निघून गेली, तिला घोषणा ऐकूच आली नाही, आणि ही तरातरा जिना चढून त्यांच्या काचेच्या खोलीत शिरली.

"ऐकलं की नाही हे न विचारता तुम्ही सांगताच कसं?" हा तिचा पहिला प्रश्न.

"मी तीनदा सांगतो, बाई. तीनदा सांगूनही नाही पोचलं तर पुढची गाडी असतेच," हे त्यांचं उत्तर.

पुढची गाडी येईपर्यंत ती तिथेच बसली. त्यांनी तिला आपल्या थर्मासमधला चहा दिला. लग्नानंतरही हा वाद मिटला नाही. भावोजी सांगून मोकळे व्हायचे, ताई पोच मागायची. ते मुद्दाम गप्प बसायचे, ती मागे लागायची, मग ते हात तोंडासमोर धरून त्या घोषणेच्या आवाजात म्हणायचे, "बाईंचा निरोप पोचलेला आहे. बाईंचा निरोप पोचलेला आहे. बाईंचा निरोप पोचलेला आहे." ती चिडायची आणि हसायची. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, हे मी आता उघड सांगते. माझा संसार तसा नव्हता.

एका सकाळी दाढी करता करता भावोजी न्हाणीघरात कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आवाजावर ज्याचं पोट, त्या माणसाचा आवाजच काढून घ्यायचा, ही कसली क्रूर थट्टा! मी दवाखान्याच्या जिन्यात बसून देवाला नाही नाही ते बोलले. ताई आत उभी राहून डॉक्टरीणबाई काय करतात ते बघत होती.

डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "माझा हात दाबा." थांबायच्या. "डोळे मिटा." थांबायच्या. "जीभ बाहेर काढा." मग कागदावर लिहायच्या, प्रतिसाद नाही. बाई वाईट नव्हत्या, बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली असत. त्यांनी ताईला हळुवारपणे सांगितलं की ते जागे दिसतात, पण आत काही पोचत असेल अशी आशा धरू नका.

पोचत नाही, हा शब्द त्यांनी नेमका ताईसमोर वापरला.

घरी आणल्यावर त्यांची खाट बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ टाकली. एक दिवस ताईने त्यांचा डावा हात हातात घेऊन विचारलं, "कूस बदलू का?" हात गप्प. तिने आपला चहा घेतला, पण तिला कचेरीतल्या कुणाचा तरी फोन आला आणि ती हात न सोडता ऐकत बसली. चहा गार झाला, वर साय धरली. आणि तिच्या हातातला हात दाबला गेला. एकदाच, पण नीट, जाणूनबुजून दाबावा तसा.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, झटका आला असेल. ताईने फोन ठेवला आणि त्यांना कुशीवर वळवलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा एकच प्रश्न विचारला आणि तोंडाला कुलूप लावून बसली. साय धरली, उत्तर आलं. मग तिने ठरवून टाकलं की एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. प्रश्न एकच विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत दुसरा नाही.

"सगळे काय करतात," ती मला म्हणाली, "पहिल्याचं उत्तर निघालेलं असतं, तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतात. मग तो गोंधळतो आणि दोन्ही उत्तरं गिळतो. त्याला सगळं पोचतं गं. फक्त परत यायला वेळ लागतो."

तिने डॉक्टरीणबाईंनाही दाखवलं. त्या साय धरेपर्यंत थांबल्या, हात दाबला गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाल्या, "मी चुकले. पण मला प्रत्येकापाशी एवढं थांबता यायचं नाही हो." ताई म्हणाली, "तुम्ही नका थांबू. मी थांबते."

ती थांबायची. पंखा लावू का, साय. आमटी तिखट झाली का, साय. दोन शब्दांच्या संसाराला अख्खी संध्याकाळ लागायची. मला ते जमायचं नाही. माझी जीभ म्हणजे शिवणयंत्राची सुई, पायडलवर पाय पडला की थांबत नाही. मी भावोजींना विचारायची, "बरं वाटतंय का?" आणि लगेच दुकानातल्या एखाद्या चक्रम गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू करायची, आणि मध्येच हात दाबला गेला की ते गोष्टीला हसले की बरं वाटतंय म्हणाले, मला पत्ता लागायचा नाही. ताई ओरडायची, मी कान पकडायची.

याच सुमारास कचेरीत वेगळंच त्रांगडं उभं राहिलं. नदीवर सगळ्यात वर, दरीच्या तोंडाशी, एक जुनी चौकी आहे. तिला सगळे म्हातारी म्हणतात. तिची तार डोंगराला वळसे घालत येते, पेटी जुनाट, त्यामुळे तिचं उत्तर यायला उशीर होतो. नियम असा की यादीतल्या सगळ्या चौक्यांकडून पोच आल्याशिवाय धरणाचा दरवाजा उघडायचा नाही. आणि एखादी ठरल्या वेळात बोललीच नाही तर बाकीच्यांनी तिला मेली समजून यादीतून काढायचं, म्हणजे काम अडत नाही. कचेरीतले मोठे साहेब म्हणत होते की वाट बघायची मुदत कमी करा. दर वेळी म्हातारीपायी सगळे खोळंबतात. गळली यादीतून तर गळली.

"आणि तिच्या खाली जी माणसं राहतात?" ताई घरी येऊन भांड्यांवर राग काढायची. "यादीतून काढलं की हिच्याकडे निरोप जाणार नाही, गेला तरी ती वाजली की नाही कुणी विचारणार नाही. ती मेलेली नाही, तिला उशीर होतो! उशीर झालेला आणि मेलेला, लांबून दोघे सारखेच दिसतात. मग थांबल्याशिवाय कळणार कसं? उत्तर आलं नाही म्हणजे निरोप पोचला नाही, असं होत नाही." शेवटचं वाक्य ती साहेबांना म्हणत होती की खाटेकडे बघून, ते मी विचारलं नाही.

बैठक ठरली. मुदतीचा निकाल त्या सकाळी लागायचा होता, आणि म्हातारीच्या बाजूने बोलणारी ताई एकटीच. ती गेली नसती तर विषय बसल्या बसल्या संपला असता. भावोजींना आदल्या दिवसापासून छातीत कफ होता, पण डॉक्टरीणबाई बघून गेल्या होत्या, औषध बदललं होतं, घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या होत्या. मी दुकान बंद ठेवून सकाळीच ताईकडे गेले.

ती खाटेशी बसलेली. हातात त्यांचा हात, स्टुलावर चहा. चहावर साय धरून सुरकुतलीसुद्धा होती. खाली कचेरीची गाडी हॉर्न वाजवत होती.

"आज जास्तच वेळ घेतोय," ती म्हणाली. तिने आणखी थोडी वाट पाहिली. पुन्हा हॉर्न. मग तिने त्यांचा हात उचलून माझ्या हातात दिला, तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात देतात तसा, आधी माझा हात खाली आणि मग तिचा सुटा. "मी एक प्रश्न विचारलाय. उत्तर यायचंय. तोवर तू अवाक्षर काढू नकोस. एकदा दाबलं की दोनदा, एवढंच मला कळव."

"प्रश्न काय विचारलायस?"

"नवरा-बायकोतलं आहे. तुला कशाला नसत्या चौकशा?"

"सांग की. लाजायचं वय गेलं आता."

"गप बस," ती म्हणाली, आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवून गेली.

मी गप्प बसले. आयुष्यात प्रथमच एवढी गप्प बसले असेन. खिडकीतून समोरच्या गच्चीवर कुणी चादर वाळत घालत होतं. भावोजींचा श्वास घरघरत होता. गाडी चौक ओलांडून गेली असेल नसेल, आणि हात दाबला गेला. एकदा. जोरात. मी दुसऱ्याची वाट बघत राहिले, पण दुसरं दाबणं आलं नाही. बोटं सैल झाली. मी फोन घेऊन ताईला एवढंच लिहिलं, "एकदा."

पोच आली नाही. चौकापुढे घाटात फोनला रेंज नसते, आणि बैठकीच्या खोलीत जाताना सगळ्यांचे फोन बाहेरच्या टेबलावर काढून ठेवायला लावतात, ते मला नंतर कळलं. मी पुन्हा लिहिलं, "एकदा." तिच्याच पद्धतीने, पोच येईपर्यंत लिहीत राहिले. भावोजींचा श्वास मध्येच अडायचा, पुन्हा लागायचा. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या निघते म्हणाल्या. आणि मग एकदाचा ताईचा निरोप आला. "पोचलं. निघाले. त्याला सांग."

मी त्यांच्या कानाशी वाकले. माझा आवाज चिरका, तरी मी त्यांच्याच ढंगात सांगायचा प्रयत्न केला. "भावोजी, ताईला पोचलं. ती निघालीय. ताईला पोचलं, ती निघालीय. ताईला पोचलं, ती निघालीय." तीनदा. मग हात घट्ट धरून बसले. ते खिडकीकडे बघत होते. स्टुलावरचा चहा मी मघाशी ओतून दिला होता, साय धरायला काही नव्हतंच. मला वाटत होतं, येईल, आता येईल, एकदा दाबतील. श्वास अडला. मी वाट बघत राहिले. तो पुन्हा लागला नाही.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घरच्या नियमाने आधी सगळ्यांना कळवायला हवं होतं. पण पहिला निरोप जिला जायला हवा ती रस्त्यात होती, आणि तिला मी हे लिहून कळवणार नव्हते. मी मामाला फोन केला, पुढचं त्याने केलं.

ताई जिना चढून आली. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती रडली नाही. पर्स खाली ठेवली, चपला काढायच्या विसरली आणि खाटेशी येऊन बसली. मी त्यांचा हात अजून सोडला नव्हता. तिने तो माझ्याकडून घेतला, आधी तिचा हात खाली आणि मग माझा सुटा.

"माझा निरोप सांगितलास त्याला?"

"सांगितला. तीनदा सांगितला."

"पोचला?"

माझ्या ओठांवर खोटं आलं होतं. हो ताई, एकदा दाबला हात. एवढंच म्हणायचं होतं, कोण येणार होतं तपासायला? तिला जन्मभर पुरलं असतं. पण हिला न आलेली पोच आली म्हणून सांगायची, आणि तीही त्यांच्या नावाने, हे माझ्याच्याने झालं नाही.

"उत्तर नव्हतं आलं अजून," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "तेवढा वेळच नाही मिळाला गं त्यांना."

ती मान हलवत राहिली. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "सकाळी काय विचारलं होतंस?"

"विचारलं होतं, 'आज मी थांबू का?'"

एकदा. म्हणजे हो. मी ते स्वतःच्या हाताने घेतलं होतं आणि स्वतःच्या हाताने तिला पाठवलं होतं, आणि त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी तिला मिठी मारायला गेले, पण ती लाकडासारखी बसली होती.

"म्हातारी राहिली यादीत," ती म्हणाली. "मुदत वाढवून दिली साहेबांनी. मी तिथे उभी राहून सगळ्यांना सांगत होते की आणखी थोडं थांबायला शिका." मग ती रडली. तोंडावर पालथा हात दाबून, आवाज न करता. मला तिची एवढी दया आली की तिच्याकडे बघवेना. सगळ्या नदीला जी थांबायला लावत होती, तिचं त्या एका सकाळी थांबणं थोडं कमी पडलं होतं.

तिचं वाक्य मला पाठ होतं. मी ते तिलाच परत दिलं. "ताई, उत्तर आलं नाही म्हणजे निरोप पोचला नाही, असं होत नाही. तूच म्हणतेस ना? कान चांगले होते त्यांचे. मी अगदी कानाशी सांगितलं. तू निघालीस, हे त्यांना पोचलं असणार."

तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घालून, नेहमी बसायची तशी, बोलणं बंद करून बसली.

दुपारपर्यंत सगळे जमले. सात तोंडांनी बातमी गेली होती, कुणी चुकलं नव्हतं. खाली गाडी येऊन थांबली. उचलायला आलेली माणसं दारात उभी राहिली, एकमेकांकडे बघत. मामा पुढे झाला, त्याने ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सोड बाळ आता. गाडी खोळंबलीय."

ताईने मान वर केली नाही.

"थांबा जरा, मामा," ती म्हणाली. "त्याला वेळ लागतो."